बर्डीची टेकडी आणि मुलखातल्या गढ्या

नागपूरचा माणूस महालात जातो, इतवारीत जातो, धंतोलीत जातो; पण बर्डीवर जातो. 'बर्डीवर' या शब्दातला 'वर' आज कोणाच्या लक्षात येत नाही. मेन रोडवर कापड घ्यायला, दिवाळीच्या आधी गर्दीतून वाट काढायला, मुंजे चौकातल्या मेट्रो स्थानकात गाडी बदलायला आपण जातो, तेव्हा आपण चढ चढत नसतो. तरी बोलताना 'वर'च म्हणतो. इथे आधी टेकडी होती आणि बाजार नंतर आला, ही गोष्ट डोळ्यांनी विसरली, भाषेने धरून ठेवली. ती टेकडी अजून तिथेच आहे. दुकानांच्या पाट्यांमागे, रेल्वे स्थानक आणि बाजार यांच्या मधोमध, झाडीने झाकलेली. तिच्यावर किल्ला आहे. तो लष्कराच्या ताब्यात असल्याने वर्षातले मोजके दिवस सोडले, तर सामान्य माणसाला तिथे पाऊल ठेवता येत नाही. माझ्या ओळखीत अशी कितीतरी घरे आहेत, ज्यांच्या तीन पिढ्या या टेकडीच्या सावलीत वाढल्या आणि एकदाही वर गेल्या नाहीत.

हे पुस्तक त्या किल्ल्याविषयी आहे आणि त्याच्या भोवतालच्या मुलखातल्या गढ्यांविषयीही आहे. दोन्ही विषय एकत्र बांधण्याचे कारण काय, असा प्रश्न वाचकाला पडेल. मलाही हस्तलिखित हातात घेतले तेव्हा तो पडला होता. सीताबर्डीचा किल्ला इंग्रजांचा, दगडी, लष्करी. गढ्या पाटील-देशमुखांच्या, मालगुजारांच्या, मातीच्या, धान्याच्या कणग्यांनी भरलेल्या. वाचून संपल्यावर मात्र वाटले, की एकाशिवाय दुसरे नीट समजतच नाही. गढी कशासाठी बांधत हे कळले, तरच सीताबर्डीवर जे बांधले गेले ते किती वेगळे होते हे कळते.

आधी नावाविषयी. शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद अशा दोन गवळी भावांची या टेकडीवर सत्ता होती, त्यांच्या नावांवरून 'शीतलाबद्री' आणि पुढे 'सीताबर्डी' झाले, असे सांगतात. ही कथा नागपुरात घरोघरी माहीत आहे आणि ती कोणी सांगितली तर मी मन लावून ऐकतो. पण नागपूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला विचारा. तो जमिनीचे प्रकार सांगताना काळी, मोरंड, खरडी आणि बरडी अशी उतरती भाजणी लावतो. बरडी म्हणजे मुरमाड, खडकाळ, उंचवट्याची, पाणी न धरणारी जमीन. जुन्या बंदोबस्ताच्या कागदांतही हेच शब्द आहेत. नांगर लागत नाही अशा उंचवट्याला लोक बर्डी म्हणणार, हे मला दोन भावांच्या कथेपेक्षा अधिक खरे वाटते. इंग्रजांनी त्याचे 'सीताबल्डी' केले. आपण सुदैवाने आपला शब्द सोडला नाही.

ही टेकडी म्हणजे खरे तर दोन टेकड्या. एक मोठी, दुसरी उत्तरेकडची लहान, आणि मधे खोलगट भाग. दख्खनच्या काळ्या खडकाची पूर्वेकडची कड नागपूरच्या आसपास संपते, त्या कडेवरचा हा एक उंचवटा. मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले. धर्मप्रसार आणि शाळा हे त्यांचे काम, पण जवळच्या टाकळीच्या दगडांत त्यांना प्राचीन वनस्पतींचे आणि जीवांचे अवशेष सापडले आणि या भागातल्या खडकांचा अभ्यास जगापुढे गेला. ज्या 1817 मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, त्याच वर्षी हिस्लॉप स्कॉटलंडमध्ये जन्मले होते. हा निव्वळ योगायोग, पण त्यांच्या नावाच्या महाविद्यालयात शिकलेल्या माझ्यासारख्याला तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

शहर या टेकडीच्या पूर्वेला वसले. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी लहान लहान वस्त्या जोडून नागपूर उभे केले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने शहराला तट घातला. पुढे रघूजी भोसल्यांनी गोंडांच्या घरातल्या भांडणात हात घातला आणि सत्ता त्यांच्याकडे आली. नागपूरची राजधानी म्हणजे महाल, जुम्मा तलाव, नाग नदीचा काठ. सीताबर्डी त्या शहराच्या वेशीबाहेरची. टेकडीच्या पायथ्याचा गणपती आजही 'टेकडीचा गणपती' आहे, आणि पूर्वी तलावाचे पाणी इथवर येत असे, भोसले नावेत बसून दर्शनाला येत, अशी आठवण लोक सांगतात. इंग्रजांनी आपल्या वकिलाला, म्हणजे रेसिडेंटला, राहायला जागा मागितली ती याच बाजूला. शहरापासून दूर, टेकडीच्या पश्चिमेला. एका बाजूला दरबार, दुसऱ्या बाजूला रेसिडेन्सी आणि मधे ही उघडी बर्डी. पुढे जे घडले त्याचा सारा नकाशा या तीन जागांत आहे.

लढाईविषयी पुस्तकात सविस्तर प्रकरण आहे. तरी प्रस्तावनेत मी तिच्यापाशी थांबणार आहे, कारण आपल्याकडे ती फार अर्धवट सांगितली जाते. दुसरे रघूजी 1816 च्या मार्चमध्ये वारले. त्यांचा मुलगा परसोजी राज्य चालवण्याच्या स्थितीत नव्हता. पुतणे मुधोजी, ज्यांना सगळे आप्पासाहेब म्हणत, कारभार हाती घेण्यासाठी पुढे आले आणि त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह करून बसले. 1817 च्या फेब्रुवारीत परसोजीचा अंथरुणातच अंत झाला. संशयाचे बोट आप्पासाहेबांकडे होते. गादी मिळाली, पण तहाने बांधलेली. नोव्हेंबरच्या 5 तारखेला पुण्याजवळ खडकीची लढाई झाली आणि पेशवा-इंग्रज उघड शत्रू झाले. 24 नोव्हेंबरला आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली पदवी आणि वस्त्रे जाहीर दरबारात स्वीकारली. रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याला त्याचा अर्थ कळायला वेळ लागला नाही.

जेन्किन्सकडे लेफ्टनंट कर्नल स्कॉटच्या हाताखाली सुमारे चौदाशे माणसे होती. मद्रासच्या दोन पायदळ पलटणी, बंगालच्या घोडदळाच्या तीन तुकड्या, थोड्या तोफा. समोर आप्पासाहेबांची अठरा हजारांची फौज, तिचा चौथा हिस्सा अरब, आणि 36 तोफा. 26 नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला आणि रात्रभर चालला. अरबांचा रोख लहान टेकडीवर होता, कारण ती पडली की मोठी टेकडी आणि रेसिडेन्सी दोन्ही उघडी पडत. 27 तारखेच्या सकाळी ती पडली. तिच्यावरची तोफ अरबांनी फिरवली आणि मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. त्या घटकेला लढाई आप्पासाहेबांच्या बाजूने झुकली होती. पश्चिमेच्या मैदानात घोडेस्वारांचा वेढा आवळत होता. तेव्हा कॅप्टन फिट्झजेराल्डने वरिष्ठांची नाखुशी असताना आपले मोजके स्वार घेऊन चाल केली, समोरच्या तोफा घेतल्या आणि त्याच तोफा वेढ्यावर वळवल्या. ते दृश्य टेकडीवरून दिसत होते. थकलेल्या पलटणींना धीर आला. इतक्यात लहान टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि त्या गोंधळात संगिनी लावून ती परत घेतली गेली. दुपारपर्यंत सारे संपले. इंग्रजांकडचे 367 जण मेले किंवा जखमी झाले. चौदाशेंतले 367.

'मोठी फौज हरली' एवढ्यावर आपण ही गोष्ट संपवतो. मला वाटते, दोन बाबी लक्षात ठेवायला हव्यात. टेकडीवर इंग्रजांच्या बाजूने मेलेले बहुतेक शिपाई तेलुगू-तमिळ मुलखातले होते. त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. आणि आप्पासाहेबांच्या सैन्यात पुढे घुसणारे अरब पगारी होते, शूर होते. पण त्यांच्या मागे उभी असलेली बाकीची फौज हलली नाही. दरबारातच एकमत नव्हते. लढायचे की नाही हे राजाने अखेरपर्यंत ठरवलेले नव्हते, असे त्या दोन दिवसांचा तपशील वाचताना सारखे जाणवते.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: त्या दिवशी सीताबर्डीवर किल्ला नव्हता. 'सीताबर्डीच्या किल्ल्याची लढाई' असे आपण सर्रास लिहितो, ते चूक आहे. लढाई झाली ती उघड्या टेकडीवर. शिपायांना आडोसा होता तो धान्याच्या पोत्यांचा आणि हाताला येईल त्या सामानाचा. किल्ला त्या लढाईतून जन्माला आला. डिसेंबरमध्ये डव्हटन या इंग्रज सेनानीची कुमक पोचली, 16 डिसेंबरला आप्पासाहेब रेसिडेन्सीत येऊन स्वाधीन झाले, त्याच दिवशी सक्करदऱ्याकडे पुन्हा लढाई झाली, आणि शहरातल्या अरबांनी डिसेंबरअखेरपर्यंत झुंजून मग अटींवर बाहेर पडणे पत्करले. 1818 च्या जानेवारीत जो करार झाला त्यात मुलूख गेला, आणि सीताबर्डीच्या टेकड्या, पायथ्याचा बाजार, लगतची जमीन इंग्रजांकडे गेली, तिथे तटबंदी करण्याच्या अधिकारासह. आप्पासाहेबांना पुढे मार्चमध्ये कैद करून अलाहाबादकडे नेत असताना ते वाटेत निसटले, महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयाला राहिले, शेवटी जोधपूरला गेले आणि 1840 मध्ये तिथेच वारले. गादीवर लहानगा तिसरा रघूजी बसवला गेला आणि कारभार कित्येक वर्षे जेन्किन्सने पाहिला. ज्या टेकडीवर तो जवळपास हरला होता, ती पुन्हा कधी उघडी राहू नये याची काळजी त्याच्या सरकारने घेतली. आज दिसतो तो किल्ला त्या काळजीतून उभा राहिला.

आता गढीकडे येतो. माझ्या आजोळच्या गावी गढी होती. मी पाहिली तेव्हा तिचा एक बुरूज उभा होता, दुसरा अर्धा ढासळलेला, आणि आत कवेलूचे छप्पर असलेला वाडा. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही त्या बुरुजावर चढायचो. माती इतकी घट्ट होती, की खिळा मारला तर वाकायचा. गावाच्या मधोमध, उंचवट्यावर, वेशीच्या तोंडाशी दिंडी दरवाजा. आत शिरले की देवडी, मग चौक, मग सपरी, मग सागवानी खांबांचा दिवाणखाना. मागे गोठा, विहीर, आणि जमिनीत खोदलेली पेवे. मामा सांगायचे, पेंढारी आले की सारे गाव या दरवाजातून आत यायचे, गुरांसकट. त्यांनी पेंढारी पाहिले नव्हते, त्यांच्या आजोबांनीही पाहिले नसतील. पण गढीच्या अस्तित्वाचे कारण गावाला शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही पाठ होते.

ती माती साधी नव्हे. मराठी मुलखात गावाच्या जागेला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. काळी माती पाऊस पडला की फुगते, ऊन पडले की भेगाळते. तिची भिंत टिकत नाही. गावठाणाची पांढरी माती चुनखडीची, राखेची, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीची. तिच्यात तणस किंवा भुसा मिसळायचा, पाणी घालून पायांनी तुडवायची, काही दिवस कुजू द्यायची आणि मग थर घालायचा. हातभर थर चढवला की तो सुकेपर्यंत थांबायचे. घाई केली तर भिंत बसते. खाली पायाला दगड, बुडाशी रुंदी दांडगी आणि वर जाता जाता निमुळती. बुरूज गोल, कारण मातीला कोपरा सोसत नाही. पाणी आणि मार दोन्ही कोपऱ्यालाच आधी फोडतात. तोफेचा गोळा दगडी भिंतीला तडा देतो, या भिंतीत तो रुतून बसतो. गावातल्या कुंभाराला, बेलदाराला, सुताराला जे येत होते त्यातूनच हा सारा शहाणपणा उभा राहिला. त्याचे पुस्तक कोणी लिहून ठेवले नाही.

या मातीला एकच शत्रू होता, वरून येणारे पाणी. भिंतीच्या माथ्यावर छप्पर किंवा धाबे शाबूत आहे तोवर गढी दोनशे वर्षे उभी राहते. कवेलू फुटले, तुळया काढून विकल्या, की तीन-चार पावसाळ्यांत माथा विरघळतो आणि मग भिंत आपल्याच वजनाने खाली बसते. पुस्तकातल्या छायाचित्रांत अशा बसलेल्या भिंती वाचकाला जागोजागी दिसतील. त्यांत एक गोष्ट पाहा: ढिगाऱ्याला फावड्याचे घाव असतात. गढीची पांढरी माती शेतात खत म्हणून चांगली, घर सारवायला चांगली, विटांना चांगली. गावे आपली गढी हळूहळू शेतात पसरवत आहेत. मला याचे वाईट वाटते, पण ज्या शेतकऱ्याने ती नेली त्याला दोष देववत नाही.

या मुलखात मातीबरोबर दगडाचेही किल्ले आहेत. रामटेकजवळचे नगरधन पाहा. रघूजी भोसल्यांच्या काळचा तट, दणकट दरवाजा, आणि विहिरीत उतरून गेल्यावर जमिनीखाली देवीचे स्थान. त्याच नगरधनच्या मातीत वाकाटकांच्या राजधानीच्या, नंदिवर्धनाच्या खुणा उत्खननात मिळाल्या आणि राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाचा मातीचा ठसाही मिळाला. म्हणजे सत्ता बदलल्या तरी पंधराशे वर्षे माणसांनी तीच जागा निवडली. भंडाऱ्याकडे तुमसरजवळचा अंबागड, पारशिवनीजवळचा भिवगड, जलालखेड्याजवळचा आमनेर, उमरेडची जुनी तटबंदी. यांतल्या काहींवर गेल्या दोन दशकांत एकदाही न गेलेला इतिहासाचा शिक्षक मी पाहिला आहे, आणि दर रविवारी सायकल घेऊन जाणारी पोरेही पाहिली आहेत.

भोसल्यांचा महालातला राजवाडा मात्र गेला. काळ्या दगडाचा, कोरीव लाकडाने मढवलेला तो वाडा 1864 मध्ये आगीत भस्म झाला आणि दरवाजा तेवढा उरला. राज्य त्याआधीच दहा वर्षे संपले होते. तिसरे रघूजी 1853 च्या डिसेंबरमध्ये निपुत्रिक वारले, डलहौसीने दत्तक मानला नाही, आणि 1854 मध्ये नागपूर खालसा झाले. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी झाली. 1867 मध्ये रेल्वे आली ती थेट या टेकडीच्या पायथ्याशी. बाजार इतवारीतून सरकत बर्डीकडे आला. किल्ल्याच्या भोवती शहर असे वाढले, की आज किल्ला शहराच्या पोटात आहे.

गढ्यांचे नशीब वेगळ्या रीतीने बदलले. 1860 च्या दशकातल्या जमीनबंदोबस्तात इंग्रजांनी पाटलांना आणि मालगुजारांना गावाची मालकी दिली. आधी जो गावाच्या वतीने वसूल गोळा करत होता, तो मालक झाला. गढीच्या दिंडीवर आता पेंढाऱ्यांची भीती नव्हती. तिथे सारा भरायला, खंडाचा हिशेब द्यायला कुळे रांगेत उभी राहू लागली. संरक्षणाची जागा कचेरी झाली. मालगुजारांत चांगले होते, वाईटही होते. पूर्व विदर्भात त्यांनी आणि कोहळी समाजाने बांधलेले तलाव आजही धानाला पाणी देतात आणि 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावाने सरकारी कागदांत आहेत. पण कुळाच्या घरातल्या आठवणीत गढी ही आश्रयाची जागा उरली नाही, ती वेठीची आणि कर्जाची जागा झाली. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि 1951 च्या मार्चअखेर गावे सरकारकडे गेली. मालकाकडे वाडा उरला, वाड्याला सांभाळणारे उत्पन्न उरले नाही. माझ्या आजोळच्या गढीचे छप्पर त्यानंतर वीसेक वर्षांत उतरले. गावातल्या काहींना त्याचे दुःख झाले, काहींना झाले नाही, आणि त्या दोघांचेही म्हणणे मला समजते. गढीचा इतिहास लिहिणाऱ्याने दोन्ही बाजूंच्या घरांत बसून लिहायला हवा. या पुस्तकाच्या लेखकाने तसा प्रयत्न केला आहे, आणि त्यासाठीच मी ही प्रस्तावना लिहायला तयार झालो.

आता सीताबर्डीचा किल्ला गढीशेजारी ठेवून पाहू. गढी गावाच्या आत असते, किल्ला शहराच्या बाहेर उभा राहिला. गढीत धान्य आणि गुरे असतात, इथे दारूगोळा आणि शिपाई. गढीची भिंत गावकऱ्याला आत घेण्यासाठी, सीताबर्डीचा तट त्याला बाहेर ठेवण्यासाठी. टेकडीवर उभे राहून पूर्वेकडे पाहिले तर सारे जुने नागपूर नजरेखाली येते. ज्यांनी ही जागा मागून घेतली त्यांना नेमके तेच हवे होते. म्हणून इथे उंच बुरूज, नक्षीदार महादरवाजा, राजाचा दिवाणखाना यांतले काही शोधू नये. एकोणिसाव्या शतकातला लष्करी किल्ला तोफांना उंच भिंती दाखवत नाही. टेकडीचा चढ हाच त्याचा मुख्य तट. वास्तुसौंदर्याच्या दृष्टीने नगरधन किंवा महालातले नगारखान्याचे उरलेले लाकूडकाम सीताबर्डीपेक्षा शंभर पटींनी सरस आहे. पण सत्ता एखाद्या जागेला कसा आकार देते हे शिकायचे असेल, तर विदर्भात या किल्ल्याइतका स्पष्ट धडा दुसरा नाही.

त्याचा उपयोगही त्याच कामासाठी झाला. 1857 च्या जूनमध्ये टाकळीच्या रिसाल्यातली उठावाची तयारी फुटली, रिसाल्याची हत्यारे काढून घेतली गेली, आणि किल्ल्यावरच्या तोफा सज्ज झाल्या. ज्यांना फाशी दिली, त्यांना किल्ल्यावरच दिली, शहराला दिसेल अशी. किल्ल्यात नऊ कबरींची एक जागा आहे. नवाब कादर अली आणि त्यांचे आठ साथीदार तिथे चिरविश्रांती घेत आहेत, असे लोक मानतात आणि श्रद्धेने फुले वाहतात. दूरवर नव्हे, त्याच आवारात 1817 मध्ये पडलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या कबरी आहेत. आणि एक स्तंभ आहे. 1911-12 च्या हिंदुस्थान-दौऱ्यात पंचम जॉर्ज आणि राणी मेरी नागपूरला थांबले तेव्हा या टेकडीवरून त्यांनी शहराला दर्शन दिले, त्याची ती आठवण. चाळीस पावलांच्या परिसरात एवढे सारे. कोणत्या दगडापुढे कोण थांबते, हे पाहण्यासारखे असते.

एक मुद्दा मात्र या पुस्तकाने निर्भीडपणे मांडला आहे आणि मी त्याला पूर्ण पाठिंबा देतो. महात्मा गांधींना 1923 च्या एप्रिल-मे महिन्यांत या किल्ल्यात कैदेत ठेवले होते, असे ठिकठिकाणी छापलेले आढळते आणि शाळेच्या सहलीत मुलांना तेच सांगितले जाते. पण 1922 च्या मार्चपासून 1924 च्या फेब्रुवारीपर्यंत गांधीजी कैदी होते ते येरवड्याच्या तुरुंगात, आणि शेवटी शस्त्रक्रियेसाठी पुण्याच्या ससून रुग्णालयात. मग 1923 च्या वसंतात नागपुरात काय घडले? झेंडा सत्याग्रह घडला. तिरंगा हाती घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघणाऱ्या तुकड्या पकडल्या जात होत्या, जमनालाल बजाज तुरुंगात गेले, वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली, देशभरातून स्वयंसेवक नागपुरात आले आणि ऑगस्टमध्ये तो लढा संपला. गांधीजींच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या तारखा आणि या सत्याग्रहाचा आरंभ अगदी लागून आहेत. हजारो साध्या माणसांच्या तुरुंगवासाची आठवण कालांतराने एका मोठ्या नावाखाली गोळा झाली असावी, असे मला वाटते. ती साधी माणसे नागपूरची होती, भंडाऱ्याची होती, गुजरातची होती. त्यांचा मान त्यांना परत मिळायला हवा. त्यासाठी गांधीजींचे मोठेपण तसूभरही कमी करावे लागत नाही.

पुस्तकातल्या काही गोष्टी मला कमी वाटल्या, त्याही सांगतो. गढ्यांची मोजमापे अजून थोड्याच ठिकाणांची आहेत. स्त्रियांच्या जागा, म्हणजे माजघर, जाते, आडाची वाट, सपरीच्या मागचा अंधारा खण, यांच्याविषयी वाड्यांत राहिलेल्या म्हाताऱ्या बायकांशी बोलूनच लिहिता येईल आणि त्या बायका आता ऐंशी-पंच्याऐंशीच्या आहेत. पुढच्या आवृत्तीची वाट पाहण्याइतका वेळ त्यांच्याकडे नाही. ज्यांच्या घरी, आजोळी, सासरी अशी एखादी गढी किंवा तिचा पडका बुरूज आहे, त्यांनी हे पुस्तक बाजूला ठेवून आधी तिथे जावे. टेपने भिंतीची जाडी मोजावी, दरवाजा कोणत्या दिशेला आहे ते लिहावे, कोणाच्या काळात छप्पर उतरले ते विचारावे, कुळाच्या घरीही विचारावे, आणि एक वही करावी. त्या वह्यांतूनच हा इतिहास पुढे लिहिला जाईल.

आणि नागपूरकरांना एक विनंती. 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट या तीन दिवशी सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडा असतो. घरातल्या मुलांना घेऊन वर जा. उत्तरेकडच्या लहान टेकडीचा उंचवटा शोधा, मग पूर्वेला वळून महालाकडे पाहा. मधे एवढेच अंतर होते.